नेम, नळी आणि ट्रिगर (भाग 6)

मागच्या भागात बोल्टची रचना पाहिली. आता वाचकांच्या आवडीच्या तक्रारीकडे वळू: कारखान्यातून आलेली रायफल नीट मारत नाही, तेव्हा दोष नळीचा की ट्रिगरचा?

आपल्याकडे कारखान्याची बोल्ट रायफल म्हटली की बहुधा ईशापूरची .315. लष्कराचं .303 काडतूस नागरिकांना बंद, म्हणून 8 मिलिमीटरचं वेगळं काडतूस आणि सांगाडा जुन्या ली-एनफिल्डचा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीचा शौक संपवला. उरले स्वसंरक्षणाचे आणि पीकराखणीचे परवाने.

या रायफलीची ओढ दोन टप्प्यांची. आधी ट्रिगर मोकळा मागे येतो, मग बोट अडतं आणि तिथून पुढे लष्करी मापाप्रमाणे सुमारे अडीच किलोचा जोर लागतो. रायफल स्वतः चार किलोच्या आसपास, आणि तिला न हलवता हा जोर लावायचा! तो मुद्दाम ठेवला होता, शिपायाच्या हातून रायफल आपटली तरी बार उडू नये म्हणून.

मला भारापेक्षा घसटण जास्त नडते. सिअरची कड फायरिंग पिनच्या मागे जोडलेल्या कॉकिंग पीसच्या खाचेत अडकलेली असते. ती सुटेपर्यंत दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकतात. त्यांवर चरे राहिले की बोटाला खर्र लागतं आणि बार नेमका कधी सुटेल ते कळत नाही. आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

त्यात लाकडाची भानगड. पहिल्या महायुद्धातल्या ली-एनफिल्डमध्ये ट्रिगर खालच्या गार्डला टांगलेला, सिअर वरच्या बॉडीला, आणि मधे दस्त्याचं लाकूड. पावसाळ्यात लाकूड फुगलं की दोघांतलं अंतर बदलतं, म्हणजे उन्हाळ्यात ठीक वाटलेली ओढ श्रावणात वेगळी लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजांनी ट्रिगर थेट बॉडीलाच टांगला.

तरीही ट्रिगर सुधारल्यानं नळी सुधारत नाही, सुधारतो तो नेमबाज. नळीचं खरं मोजायचं तर रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, नळी गार होऊ देत, एकाच बनावटीच्या दहा गोळ्या मारा. तीन गोळ्यांचा नेटका ग्रुप पुष्कळदा नशिबाचा असतो. ग्रुपचा आकार कोनाच्या मिनिटांत (अंशाचा साठावा भाग) मोजतात; शंभर मीटरवर एक मिनिट कोन म्हणजे 29 मिलिमीटर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्या 50 मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं असतं. त्या खेळातले ट्रिगर काही ग्रॅमांत मोजतात, पण ते रेंजवरचं काम. तो हलकेपणा शेताच्या बांधावर नको.

कारखान्यांनीही हा धडा घेतला. अमेरिकेच्या सॅव्हेजनं या शतकाच्या सुरुवातीला ट्रिगरच्या पोटात पातं बसवलं. ते दाबल्याशिवाय सिअर सुटत नाही, त्यामुळे ओढ हलकी ठेवूनही धोका टळतो. उलट रेमिंग्टननं 2014 मध्ये एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली परत मागवल्या, कारण जोडणीत जास्त लागलेल्या चिकट द्रव्यामुळे आपोआप बार उडण्याची भीती होती.

म्हणून घरी कानस घेऊन सिअरला हात लावू नका. आधी दहा गोळ्यांचा ग्रुप काढा, बेडिंगचे, म्हणजे बॉडी दस्त्यात घट्ट धरणारे, स्क्रू तपासा, आणि त्यानंतरही ओढ खरखरत असेल तर परवानाधारक कारागिराकडे जा.