फरशीतली रेघ, भिंतीवरची रेघ

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा इथली साठ-सत्तरच्या दशकातली सिमेंटची घरं आता नव्यानं सजवायला काढली जात आहेत. ‘एकदम मॉडर्न पाहिजे,’ असं इंटेरियरवाल्याला सांगितलं जातं. पण गृहसजावटीच्या इतिहासात ज्याला मॉडर्न म्हणतात, त्यातलं बरंच काही त्या जुन्या घरातच असतं. ते उखडून जे बसवलं जातं, ते समकालीन.

मॉडर्न शैलीचा काळ ठरलेला आहे. १९१९ मध्ये वॉल्टर ग्रोपियसनं जर्मनीतल्या वायमारला बाउहाउस ही शाळा काढली. नाझींच्या दडपणाखाली १९३३ मध्ये ती बंद पडली, पण तेवढ्या वर्षांत तिनं घरातल्या सामानाचं रूप पालटून टाकलं. तिथल्याच मार्सेल ब्रॉयरनं १९२५ मध्ये पोलादी नळी वाकवून खुर्ची केली. पुढं आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि ओसऱ्यांत ट्यूबच्या खुर्च्या आल्या, त्या याच कुळातल्या. गोदरेजची पोलादी कपाटं १९२३ पासूनची. चंदीगडसाठी वास्तुकार पिएर जानरेनं सागवान आणि वेताच्या खुर्च्या घडवल्या. त्या भंगारात निघाल्या, परदेशी लिलावांत लाखोंना विकल्या गेल्या आणि २०११ मध्ये केंद्र सरकारला त्यांच्या विक्रीला आवर घालावा लागला.

या शैलीचं मर्म मोझॅकच्या फरशीत दिसतं. पांढरं सिमेंट आणि संगमरवरी चिप्स यांचा थर जागेवर ओतायचा, तो वाळला की मशीननं घासून पॉलिश करायचा. मध्ये काचेच्या पट्ट्या उभ्या बसवून चौकोन पाडलेले असतात. ते नक्षीसाठी नव्हेत. सिमेंट सुकताना आकसतं, मोठा अखंड थर वेडावाकडा तडकतो. पट्टीमुळे त्याचे लहान भाग होतात आणि तडा गेलाच तर पट्टीच्या कडेनं जातो. गरजेतून रेघ आली आणि तीच शोभा झाली.

आता टीव्हीमागच्या भिंतीवरचं फ्लूटेड पॅनेल पाहा. त्यावरही उभ्या रेघाच असतात, पण त्या काही तोलत नाहीत की अडवत नाहीत. त्या डोळ्यांसाठी आहेत. समकालीन शैलीला असा एक काळ नाही. आज जे चालतं ते तिचं. काही वर्षांपूर्वी चकचकीत लाल-काळी कपाटं होती, आज प्रोफाइल लाइट आणि फिकट लाकडी रंगाचा सनमायका. तिचा मोठेपणा असा की तिला काहीही वर्ज्य नाही. ती मॉडर्न खुर्चीही घेते आणि आपली वऱ्हाडी बंगईही दिवाणखान्यात टांगते. हा मोकळेपणा मला मनापासून आवडतो.

तक्रार आहे ती उन्हाळ्यापुरती. मे महिन्यात यवतमाळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. इथल्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, पण त्यानं आत ढकललेली हवा समोरून बाहेर गेली तरच. नाहीतर खोली दमट होते आणि घामाची चिकचिक सुरू होते. जुन्या घरात छताखाली व्हेंटिलेटर असायचे, समोरासमोर खिडक्या असायच्या. फॉल्स सीलिंगखाली व्हेंटिलेटर झाकले जातात, पॅनेलमागे एखादी खिडकी जाते. मग एसीवाचून गत्यंतर नाही, आणि लोडशेडिंगच्या दुपारी तोही नाही.

मॉडर्न शैलीची सगळी शिकवण इथं लागू पडते असंही नव्हे. युरोपातल्या थंडीत ऊन आत घेणारी मोठी काच आपल्याकडे भट्टी पेटवते. वास्तुकार ल कॉर्बुझिएलाही चंदीगडला सावलीसाठी काँक्रीटचे खोल आडोसे द्यावे लागले. आपल्या खिडकीवरचा छज्जा तेच काम करतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच की रंग-लाइटचं काहीही करा, पण नकाशावर सही करण्याआधी इंटेरियरवाल्याला विचारा, कूलरची हवा कुठून निघणार? आणि मोझॅक फुटलेलं नसेल तर त्यावर व्हिट्रिफाइड टाइल बसवायची घाई नको. ते पुन्हा घासून उजळता येतं. वर टाइल चढली की जमीन उंचावते आणि सागवानी दारं खालून तासावी लागतात.