क्षयाचा जंतू गप्प का बसतो?

मालाडच्या मालवणीत किंवा कुरार गावात दहा बाय दहाच्या खोलीत एकाला फुफ्फुसाचा क्षय झाला, तर बाकीच्यांच्या छातीत जंतू शिरायला वेळ लागत नाही. तरी जंतू शिरलेल्या शंभरांपैकी पाच-दहा जणच पुढे कधीतरी आजारी पडतात. इतरांत तो वर्षानुवर्षे गप्प असतो. याचे सगळे श्रेय आपण प्रतिकारशक्तीला देतो, पण गप्प बसणे हा जंतूचाही डाव आहे. भक्षक पेशी त्याला गिळून त्याच्यावर आम्ल आणि नायट्रिक ऑक्साइड सोडतात, भोवती गाठ बांधून प्राणवायू तोडतात. जंतूला नेमकी त्यातूनच खबर लागते. नायट्रिक ऑक्साइड वाढले किंवा प्राणवायू घटला, की डेव्हआर हे नियंत्रक प्रथिन, मीटरखोलीतल्या मुख्य स्विचसारखे, सुमारे 50 जनुके एकदम चालू करते आणि जंतू कमी श्वासावर तगायला लागतो. आम्ल जाणवले की फॉपी हे दुसरे नियंत्रक कामाला लागते. आवरणातले काही मेद तेच ठरवते, आणि भक्षक पेशीचा कप्पा फोडणारी प्रथिनेही त्याच्यावाचून बाहेर पडत नाहीत.

डेव्हआरचा शोध दिल्लीच्या एम्समधला, हे फारसे कुणी सांगत नाही. अमेरिकेत 1905 साली एका रुग्णापासून मिळवलेल्या जंतूचे पुढे प्रयोगशाळेत दोन वाण झाले: एच37आरव्ही जहाल, एच37आरए मवाळ. (ही विभागणी मराठी वाचकाला नवी नाही!) जहाल वाणात जास्त चालणारी जनुके जया त्यागी यांच्या गटाने 1993 मध्ये वेगळी काढली, डेव्हआर त्याच शोधातून हाती आले. परदेशी लेखांत ते डॉसआर म्हणून वावरते आणि त्यागींचे नाव तळटीपेत जाते. मवाळ वाणाच्या फॉपी जनुकात तर एकाच अक्षराचा फरक निघाला.

मग एक स्विच पाडला की क्षय संपला? तसे नाही. धडधाकट फॉपी परत दिले तरी मवाळ वाण पुरता जहाल होत नाही. डेव्हआर काढलेला जंतू काही प्रयोगांत उंदरांमध्ये तगलाच. त्यामुळे ‘झोपलेल्या जंतूवर रामबाण’ छापाचे मथळे बेताने घ्यावेत. फॉपी आणि आणखी एक जनुक काढलेल्या जिवंत जंतूची लस, एमटीबीव्हॅक, मला जास्त भरवशाची वाटते. भारतात तिच्या चाचण्या 2024 मध्ये सुरू झाल्या. ती येईल तोवर एवढे ध्यानात ठेवा: सुस्त जंतूला औषधे लवकर मारू शकत नाहीत, म्हणून तर कोर्स महिनोन्‌महिने चालतो. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर पालिकेच्या दवाखान्यात बेडका तपासून घ्या, आणि गोळ्या सुरू झाल्या तर बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका.