पहिल्या फळाचा लिलाव

धर्मकार्याला पैसा लागतो, ही गोष्ट कोणत्याहि धर्माला चुकलेली नाहीं. मात्र तो पैसा कोठून येतो, यावरून त्या समाजाची प्रकृति ओळखतां येते. राजाच्या सनदेनें आलेला पैसा राज्याबरोबर जातो; एका धनिकाच्या थैलींतून आलेला त्या धनिकाच्या मर्जीबरोबर जातो. हजार हातांनीं थोडथोडा आलेला पैसा सहसा आटत नाहीं. या दृष्टीनें आपल्या मराठी ख्रिस्ती बांधवांचा 'हंगामाचा सण' पाहण्यासारखा आहे. नांदेडचा गुरुद्वारा व लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा आपण पाहिलेली असते. चर्चच्या आवारांत मात्र आपलें पाऊल क्वचितच पडतें.

सणाचें स्वरूप साधें आहे. पिकाची रास घरीं आली, म्हणजे मंडळी आपल्या सोयीचा एक दिवस, बहुधा रविवार, ठरविते. त्या दिवशीं प्रत्येक कुटुंब आपल्या उत्पन्नाचें पहिलें फळ देवापुढें आणून ठेवतें. कोणी ज्वारीचीं कणसें आणतो, कोणी भोपळा, कोणी कोंबडी. ज्याला शेत नाहीं, तो मजुरींतले चार पैसे आणतो किंवा घरची बाई रात्रीं बसून शेवया-पापड करते. पहिलें फळ देवाचें, ही आज्ञा यहुदी लोकांच्या धर्मशास्त्रांत आहे व तेथूनच ती ख्रिस्ती लोकांकडे आली. आपल्याला तींत परकें वाटण्याचें कारण नाहीं. श्रौतकर्मांतील आग्रयणेष्टि, कोंकणांतील नवें बांधणें आणि लातूरकडची वेळा अमावास्या यांच्या मुळाशीं हीच भावना आहे. वेळा अमावास्येला शेतांत गेलेला वाटसरू आंबील-भज्जी खाल्ल्यावांचून परत येत नाहीं, हें तिकडील वाचकांना सांगावयास नको.

उपासना आटोपली, कीं आवाराचा बाजार होतो, आणि स्वयंसेवकांचें खरें काम तेव्हां दिसतें. त्याची तयारी कित्येक दिवस आधीं सुरू झालेली असते. पाळकसाहेब व पंचमंडळी बसून कामें वांटतात: मांडव कोणी घालावा, पाणी कोणी भरावें, पावत्या कोणी फाडाव्यात. महिला मंडळाकडे खाद्यपदार्थांचीं दुकानें, तरुण संघाकडे खेळ, शब्बाथ शाळेच्या मुलांकडे गाणीं. कोणासहि वेतन नाहीं. जमाखर्च पुढें सर्व मंडळीसमोर वाचून दाखवावयाचा असतो, त्यामुळें खजिनदाराचा हात आपोआप नेमका राहतो.

सर्वांत गंमत लिलावाची. बाजारांत जो भोपळा थोड्या पैशांत मिळेल, त्याला येथें त्याच्या कितीतरी पट बोली लागते. कारण बोली भोपळ्याची नसून कार्याची असते. घेणारा पुष्कळदां वस्तु परत देतो व ती पुन्हा लिलावांत उभी राहते. हा प्रकार एकट्या ख्रिस्ती समाजाचा नव्हे. २०२४ सालीं काश्मीरांत सोपोरजवळच्या एका खेड्यांत मशिदीच्या बांधकामासाठीं एका गरिबानें एक अंडें दिलें. तें पुनःपुन्हा लिलावांत चढून अखेरीस सत्तर हजारांस गेलें, व एकंदर सव्वादोन लाखांवर रक्कम जमली. एका अंड्यानें एवढें कार्य केलें!

या उत्सवाचें महत्त्व कळण्यास थोडा मागील इतिहास पाहिला पाहिजे. अमेरिकन मिशन १८१३ सालीं मुंबईस व १८३१ सालीं अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) आलें. मराठवाड्यांत नारायण शेषाद्रि या ब्राह्मण धर्मोपदेशकानें जालन्याजवळ 'बेथेल' ही वसाहत वसविली. शाळा, दवाखाने, पाळकांचे पगार यांचा भार बहुतांशीं परदेशच्या पैशावर होता. ही परावलंबिता मराठी ख्रिस्ती विचारवंतांना टोंचत असे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला, त्यामागें हीच खंत होती. पुढें स्वातंत्र्य आलें. मिशनरी हळूहळू परतले. १९७० सालीं नागपुरास अनेक पंथ मिळून उत्तर भारताची एक मंडळी झाली. १९७६ व २०१० सालच्या कायद्यांनीं परदेशी देणग्यांवर निर्बंध आले. आतां छप्पर गळलें, तर तें आपणच शाकारलें पाहिजे, हें खेड्यांतील मंडळीलाहि कळून चुकलें.

आणि ही मंडळी आहे कोणाची? मराठवाड्यांतील ख्रिस्ती कुटुंबांपैकीं पुष्कळांचे पूर्वज गांवकुसाबाहेर राहणारे होते. दुसऱ्याच्या खळ्यावर उभें राहून बलुत्याचें धान्य पदरांत घ्यावें, हेंच त्यांच्या वांट्यास आलें होतें. त्यांचीं नातवंडें आज स्वतःचें सूप भरून देवापुढें ठेवतात व सर्वांच्या देखत दाते होतात. जमलेल्या रकमेहून ही गोष्ट मला फार मोठी वाटते. २०१६ सालीं लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा वर्षीं सुपांत काय पडत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. तरीहि रिकाम्या हातांनीं येण्याची लाज वाटणें, हें दात्याचें लक्षण आहे. याचकाला ती लाज ठाऊक नसते. आपल्या घरांची परंपरा दक्षिणा घेण्याची. तेव्हां आपण तर हा फरक अधिक जाणला पाहिजे.

दोष येथेंहि शिरूं शकतात. लिलाव हें श्रीमंतीचें प्रदर्शन झालें, तर गरिबाची कोंबडी कोपऱ्यांत राहील. सर्व काम मक्तेदाराकडे सोंपविलें, तर पैसा जमेल, पण मंडळी विस्कटेल. नांदेडच्या लंगरांत भाकरी भाजणारा हात व ती घेणारा हात एकाच पंक्तीचा असतो, म्हणून तो चालला आहे. अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं वर्षाला एक पैसा मागून पैसाफंड उभारला व त्यांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. तेथेंहि बळ होतें तें देणाऱ्यांच्या संख्येचें.

आपल्या गांवांतील वाचनालय, वेदपाठशाळा, गणेशोत्सव यांच्या चालकांनीं यांतून तीन गोष्टी उचलाव्या: प्रत्येकाकडून कांहीं तरी घ्यावें, प्रत्येकाला नांवानिशीं काम द्यावें, आणि हिशेब सर्वांसमोर वाचावा. एका धनादेशानें जें काम होईल, त्यासाठीं शंभर माणसांना कां शिणवावें, असें विचारणारे भेटतील. त्यांना एवढेंच सांगावें, कीं धनादेशानें इमारत उभी राहते. पण तिची गळती काढावयास शिडी घेऊन येतात ते हे शिणलेलेच लोक.