बाटलीवरची चिठ्ठी: बर्बन निवडायची कशी

मंडळी, वर्ध्यात उभं राहून बर्बन व्हिस्कीवर बोलायचं म्हणजे एकादशीच्या दिवशी पुरणपोळीचं वर्णन करण्यासारखं आहे, असं मघाशी बाहेर चपला काढताना कुणीतरी म्हणालं. अगदी खरं आहे. या जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. समोरच्या ग्लासात पाणीच आहे, ते पहिल्या रांगेतल्यांनी हवं तर तपासून घ्यावं. तरीही हा विषय आम्ही घेतला, कारण आपली मुलंमुली शिकायला आणि नोकरीला पुण्याला, हैदराबादला, थेट अमेरिकेला जातात. तिथे कधीतरी दुकानासमोर उभी राहतात, आणि तेव्हा दारूबद्दल त्यांना दोनच गोष्टी ठाऊक असतात. केवढ्याची आहे, आणि किती चढते. प्यायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण पैसे मोजणाऱ्याला आपण कशाचे मोजतोय हे कळायला पाहिजे.

आम्हीही असेच कोरे होतो. नागपुरात नोकरीला असताना एका ओळखीच्या माणसाकडून 'बाहेरून आलेली' बाटली घेतली. अर्धा पगार गेला म्हणा ना. बाटली देखणी, चिठ्ठी अस्सल, झाकण मात्र फिरवताना जरा सैल लागलं. आत जळक्या साखरेचं पाणी आणि स्पिरिट. बाटली खरी होती, माल भलताच होता. रिकाम्या बाटल्या भंगारातून विकत घेऊन पुन्हा भरणारे लोक असतात, हे तेव्हा कळलं. तेव्हापासून कुणाकडे अशी रिकामी बाटली दिसली की तिची चिठ्ठी खरवडून टाकायला आम्ही सांगतो. आणि तेव्हापासूनच चिठ्ठी वाचायचाही नाद लागला.

आता बर्बन म्हणजे काय ते बघू. ही अमेरिकेतली व्हिस्की. केंटकी राज्य तिच्यासाठी प्रसिद्ध आहे, पण कायद्याने ती अमेरिकेत कुठेही बनवता येते. अट अशी की धान्यात कमीत कमी ५१ टक्के मका हवा. उरलेल्यात राय किंवा गहू, आणि थोडं मोड आणून वाळवलेलं जव. हे धान्य शिजवून आंबवायचं, मग ऊर्ध्वपातन करायचं, आणि निघालेला अर्क ओकच्या नव्या कोऱ्या पिंपात ठेवायचा. पिंप आतून कोळसा होईपर्यंत जाळलेलं असतं. त्यात बाहेरून रंग घालायचा नाही, स्वाद घालायचा नाही. पाणी तेवढं चालतं. बाटलीत ४० टक्क्यांच्या खाली अल्कोहोल असून चालत नाही.

पिंप जाळायचं कशाला? लाकूड तापलं की त्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलाच्या वासाचं द्रव्य तयार होतं. लाकडातली शर्करा जळून टॉफीसारखी होते. ओकमध्येच नारळाच्या वासाची काही द्रव्यं असतात. पिंपातून काढलेला अर्क पाण्यासारखा पांढरा असतो असं नाही, तो तांबूस होऊन येतो, आणि तो रंग सगळा लाकडाचा. उन्हाळ्यात अर्क प्रसरण पावून लाकडात शिरतो, थंडीत मागे येतो. मे महिन्यात आपली दारं फुगतात का आक्रसतात यावर घरोघरी वाद असतो, पण लाकूड ऋतूप्रमाणे हलतं हे आपल्याला सांगायला नको.

याच ठिकाणी वयाचा मुद्दा येतो. पिंपातून दरवर्षी थोडा माल हवेत उडून जातो. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला साधारण दोन टक्के, केंटकीत चारेक टक्के. आपल्याकडच्या उष्ण हवेत तो आकडा दहा टक्क्यांच्या आसपास जातो. हिशेब करा, दहा टक्क्यांनी सातव्या वर्षी निम्मं पिंप रिकामं होईल. म्हणजे बारा वर्षांची स्कॉच आणि बारा वर्षांची बर्बन यांचं वय एकाच पट्टीने मोजता येत नाही. बर्बनचं पिंप नवं असतं, लाकूड जोरात उतरतं. सहा ते दहा वर्षांत ती बहुधा भरात येते. पुढे कधीकधी लाकडाचीच चव उरते, कात जास्त झालेल्या पानासारखी तुरट. जितकी जुनी तितकी चांगली, हा समज इथेच सोडून द्या. तीच वापरलेली पिंपं पुढे स्कॉटलंडला जातात, बेंगळुरूच्या अमृतकडे आणि गोव्याच्या पॉल जॉनकडेही येतात. एका घरची सून दुसऱ्या घराला वळण लावते, तसं.

चिठ्ठीवरचे काही शब्द कायद्याचे असतात, काही नुसते नटवे. 'स्ट्रेट' हा कायद्याचा. पिंपात किमान दोन वर्षं असा त्याचा अर्थ, आणि चार वर्षांहून कमी असेल तर वय छापावंच लागतं. म्हणून स्ट्रेट बर्बनवर वय छापलेलं नसेल तर ती किमान चार वर्षांची समजायची. 'स्मॉल बॅच' या शब्दाला मात्र कायद्यात व्याख्याच नाही. वीस पिंपं एकत्र केली तरी स्मॉल, दोनशे केली तरी स्मॉल. 'सिंगल बॅरल' म्हणजे एकाच पिंपातली. ती दर खेपेला थोडी वेगळी लागणार, हे धरून चालायचं.

आणि एक शब्द आहे 'बॉटल्ड इन बॉन्ड'. त्याची गोष्ट आपल्या जिल्ह्यानं ऐकण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत व्हिस्कीच्या नावाखाली वाट्टेल ते विकलं जाई. साधं स्पिरिट घ्यायचं, त्यात रंग घालायचा, कुणी तर तंबाखूचं पाणी घालायचा. चांगला माल बनवणारे हैराण झाले. १८९७ साली कायदा झाला. एकाच कारखान्याची, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी कुलपाखाली किमान चार वर्षं ठेवलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची व्हिस्की असेल, तरच हा शब्द लावता येईल. म्हणजे आत काय आहे याची हमी सरकारनं घेतली. आजही मध्यम किमतीत डोळे झाकून एखादी बाटली उचलायची असेल तर आम्ही आधी हा शब्द शोधतो.

पुढे १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. त्या काळात डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की मिळायची, आणि ती विकायचा परवाना मोजक्या सहा कंपन्यांकडे होता. ज्यांना डॉक्टरची फी परवडे त्यांना हमीचा माल. बाकीच्यांना जे हाती लागेल ते. १९३० मध्ये जमैका जिंजर नावाच्या अर्कात भेसळ झाली आणि हजारो माणसं पायांनी अधू झाली. त्यात बहुतेक गरीबच होते.

आता किमतींकडे येऊ. अमेरिकेतल्या किमती आधी घेतो, कारण भारतातल्या किमतीत व्हिस्की कमी आणि कर जास्त असतो. वीस डॉलरच्या आतबाहेर जिम बीमची पांढऱ्या चिठ्ठीची किंवा इव्हान विल्यम्स मिळते. साधी, गोडसर, जरा पातळ. सोडा, लिंबू, आलं घालून प्यायला हीच बरी. इथे महागडी बाटली वापरणं म्हणजे बासमतीची खिचडी करून वर तर्री ओतणं.

पंचवीस ते चाळीस डॉलर ही खरी जागा. इथे पैशाला चव मिळते. मेकर्स मार्कमध्ये रायऐवजी गहू असतो, म्हणून ती मऊ लागते. वास घेतला की आम्हाला आपला गोरसपाक आठवतो, तूप आणि भाजलेला गहू. वाइल्ड टर्की १०१ ही ५०.५ टक्क्यांची, मिऱ्यासारखी झणझणीत. अमेरिकेत प्रूफचा आकडा टक्क्यांच्या दुप्पट असतो, म्हणून १०१. नॉब क्रीक नऊ वर्षांची, लाकूड आणि शेंगदाण्याच्या चिक्कीची चव असलेली. नवख्यानं गव्हाची एक आणि रायची एक अशा दोन चाखून बघाव्या. आपल्याला काय आवडतं ते दहा मिनिटांत कळतं. ते एकदा कळलं की जाहिरातीची गरज राहत नाही.

पन्नासच्या पुढे माल चांगला असतो, पण सुधारणा लहान लहान होत जाते. शंभरच्या पुढे तर आपण बहुतेकदा दुर्मीळपणाची किंमत देत असतो. पॅपी व्हॅन विंकल ही सर्वांत गाजलेली. तिची तेवीस वर्षांची बाटली कंपनीच्या छापील किमतीला सहसा मिळतच नाही, हातोहात हजारो डॉलरला विकली जाते. वर्षाला चार टक्के धरले तर तेवीस वर्षांत निम्म्याहून जास्त पिंप उडून गेलेलं असतं, म्हणून ती महाग असणारच. पण हजारांतला बराचसा भाग रांगेचा आहे, चवीचा नाही. कुणी पाजली तर जरूर घ्या. कर्ज काढून घेऊ नका.

भारतात हे सगळं गणित बिघडतं. बाहेरच्या दारूवर १५० टक्के आयातशुल्क असायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये फक्त बर्बनपुरतं ते १०० टक्क्यांवर आणलं. त्यावर राज्याचा कर वेगळा. म्हणून केंटकीतली सगळ्यांत साधी बाटली मुंबईच्या दुकानात वरच्या फळीवर मानानं बसलेली दिसते. वरच्या फळीवर आहे म्हणून ती भारी, असं समजू नका. ती लांबून आली आहे, एवढंच. विमानतळावरच्या करमुक्त दुकानात भाव बरा पडतो, पण ती बाटली घेऊन वर्ध्याला यायचं नाही. इथे नुसती जवळ बाळगली तरी गुन्हा आहे. एका जावईबापूंची ही गंमत पोलीस ठाण्यापर्यंत गेलेली आम्ही पाहिली आहे.

प्यायची कशी? तीस मिली पुरे. उभा ग्लास नसेल तर टपरीवरचा कटिंगचा ग्लासही चालेल, तोंडाशी अरुंद असला म्हणजे झालं. नाक एकदम आत घालू नका, अल्कोहोल झोंबतं. ग्लास हनुवटीशी धरा, ओठ किंचित उघडे ठेवा आणि हळू श्वास घ्या. पहिला घोट जिभेला सवय व्हावी म्हणून, चव दुसऱ्या घोटाला बघायची. मग चमचाभर पाणी घाला. ५० टक्क्यांच्या बर्बनमध्ये पाणी पडलं की दडलेले वास वर येतात, ओल्या मातीसारखे. भरपूर बर्फानं वास दबतो. स्वस्त असेल तर तो फायदाच. सोबत सावजी रस्सा नको, जीभ बधिर होते. खारे शेंगदाणे पुरेत. आणि ती तब्येतीला चांगली असते असं कुणी सांगितलं, तर त्याचं ऐकू नका.

प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा मागून एक ताई उठल्या. सेलू तालुक्यातल्या होत्या. म्हणाल्या, "सर, हे शिकलेल्या लोकांचं झालं. आमच्या गावात मोहाची निघते ते शुद्ध असते म्हणतात. पेटवली का निळी जळते. हे खरं हाय का जी?"

ताई, मोहाच्या फुलांची दारू मुळात वाईट नाही. गोव्यात काजूची फेणी आहे, तिला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. मोहाचीही रीतसर, चिठ्ठी लावलेली दारू भारतात निघू लागली आहे. पण पोलीस 'वॉश आऊट'मध्ये जो सडवा ओततात, त्यात कुणी काय मिसळलं हे गाळणारा सोडून कुणाला माहीत नसतं. मिथेनॉल रंगानं, वासानं, चवीनं ओळखता येत नाही. जाळलं तर तेही निळंच जळतं. म्हणजे ही परीक्षा परीक्षाच नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉलनंच. पिऊन काही तासांनी डोळ्यांपुढे धुकं आलं, पोटात कळ आली, तर घरी लिंबूपाणी देत बसायचं नाही. तडक दवाखान्यात न्यायचं आणि काय प्यायला ते डॉक्टरांना खरं सांगायचं. बंदी आहे म्हणून लोक इथेच गप्प बसतात, आणि तेवढ्यात वेळ जातो. उतारा असतो, पण तो वेळेत द्यावा लागतो.

ताईंनी आणखी विचारलं, "मंग आमच्यावाल्यानं निवडायचं काय?"

निवडायला त्याच्यापुढे काही ठेवलेलंच नाही, ताई. चिठ्ठी नाही तिथे निवड नाही.