उंदराची लाळ, चिचुंद्रीची लाळ

सुरतेच्या जुन्या पेठांत उंदीर आणि चिचुंद्री एकाच भिंतीच्या कडेने पळतात. पण चिचुंद्री कृंतक नव्हे, कीटकभक्षी. लाळग्रंथींच्या मुख्य जोड्या मात्र दोघांनाही तीनच. उंदराच्या कानाजवळच्या ग्रंथीचा रंगवलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की पातळ लाळ स्रवणाऱ्या गडद पेशी दिसतात. जिभेखालच्या ग्रंथीत बहुतेक पेशी फिकट, बुळबुळीत स्रावाने फुगलेल्या आणि केंद्रक तळाशी चेपलेले. खरी गंमत आहे जबड्याखालच्या ग्रंथीत. तिथल्या कणीदार नलिका टेस्टोस्टेरॉनमुळे नरात मादीपेक्षा ठळक असतात. याच ग्रंथीतून स्टॅन्ली कोहेन यांनी पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिने वेगळी केली. १९८६चे नोबेल त्यांना रिटा लेव्ही-मोंतालचिनी यांच्यासह मिळाले. चिचुंद्रीच्या ब्लॅरिना या अमेरिकी नातलगात हीच ग्रंथी विष बनवते. आपली चिचुंद्री बदनाम आहे ती लाळेमुळे नव्हे, कुशीवरच्या गंधग्रंथींमुळे.