चीत झाला म्हणजे हरला का?

तालमीतली कमाई ज्युदो, साम्बो आणि पिंजऱ्यातल्या झुंजीत कितपत कामी येते?

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाचे भवन आहे. या शहरात मराठी माणूस कधीपासून, हे शोधू गेल्यास बिंबाजी भोसल्यांपर्यंत, म्हणजे थेट अठराव्या शतकापर्यंत मागे जावे लागते. अशा जुन्या मराठी घरांतून जोर-बैठका काढलेले एखादे आजोबा किंवा काका हमखास निघतात. तिकडे महाराष्ट्रात जत्रा-उरुसांना कुस्त्यांचे फड लागतात, तर इकडे छत्तीसगडात कुस्ती म्हटले की नागपंचमी आठवते. नातवंडे मात्र संध्याकाळी पांढरा पोशाख घालून, कमरेला रंगीत पट्टा बांधून कराटे नाहीतर ज्युदोच्या वर्गाला निघतात. आधी चार महिने मातीत लोळ, मग काय ते शीक, असे आजोबांचे म्हणणे. नातवाला ते जुनाट वाटते. दोघांपैकी खरे कुणाचे?

आजोबांची बाजू भक्कम आहे, यात शंका नाही. लाल मातीत जो वर्षभर घुमला त्याला काही गोष्टी न शिकवता येतात. खडाखडीत समोरच्याच्या मनगटाला आणि मानेला हात लागताच त्याचा भार कोणत्या पायावर आहे, तो पुढे येणार की मागे सरकणार, हे अंगाला कळते. डोळ्यांनी पाहून ठरवायला तिथे वेळ नसतो. हौद्यातली माती खणण्याने पाठ आणि पकड तयार होते, जोर-बैठकांनी दम वाढतो, आणि रोज दहा वेळा आपटी खाल्ल्याने पडण्याची भीती जाते. शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. कराटेचा वर्ग करणाऱ्या पुष्कळ मुलांना लाथ सुरेख मारता येते, पण कुणी येऊन कंबरेला मिठी मारली की ती गोंधळतात. पैलवानाचे खरे काम तर तिथूनच सुरू होते.

बरे, या विद्यांच्या मधल्या भिंती आपण समजतो तितक्या उंच कधीच नव्हत्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ब्राँझपदक मिळवले, हे मराठी घरांत लहान मुलालाही ठाऊक असते. पण त्या गटाचे सुवर्णपदक कुणाला मिळाले? जपानच्या शोहाची इशी याला. हा इशी मुळात ज्युदोचा खेळाडू होता आणि नंतर कुस्तीकडे वळला. त्या ऑलिंपिकमध्ये जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्ण. म्हणजे आपल्या खाशाबांची गाठ ज्युदोच्या मुशीतून निघालेल्या मल्लाशी पडली होती!

उलट दिशेचे उदाहरण त्याहून जुने आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो तरुण असताना त्यांना आपल्याहून बराच वजनदार असा एक सहाध्यायी काही केल्या आटपेना. तेव्हा त्यांनी पाश्चात्त्य कुस्तीवरचे पुस्तक मिळवून एक डाव उचलला. प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरायचे, त्याला खांद्यावर आडवा घ्यायचा आणि पलीकडे टाकायचा. ज्युदोत त्याला ‘काता गुरुमा’ म्हणजे खांद्यावरचे चाक म्हणतात. कोल्हापूरचा कुणीही वस्ताद तो पाहून एका शब्दात नाव सांगेल : कलाजंग.

मग नातवाच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही का? आहे, आणि ते पैलवानाला फार महागात पडू शकते.

पाठ टेकली, पण झुंज संपली नाही

कुस्तीचा सारा हिशेब एका गोष्टीवर चालतो. दोन्ही खांदे जमिनीला लागले की कुस्ती निकाली. चीत झालेला उठून अंग झाडतो, जिंकलेल्याला लोक खांद्यावर घेतात, हलगी कडाडते. पिढ्यान् पिढ्या हेच मनावर ठसलेले असते की, वर असलेला जिंकत असतो आणि खाली असलेला हरत असतो. अन्य विद्यांत मात्र हा नियम कुणी मानत नाही.

१६ डिसेंबर १९९४ रोजी अमेरिकेतल्या टल्सा शहरात याचा धडाच मिळाला. ठोसे, लाथा, पकडी सगळे चालते अशा स्पर्धेच्या अंतिम लढतीत डॅन सेव्हर्न हा कसलेला अमेरिकी कुस्तीगीर आणि ब्राझीलचा रॉइस ग्रेसी समोरासमोर आले. ग्रेसी वजनाने कितीतरी हलका. सेव्हर्नने त्याला सहज खाली पाडले आणि पंधरा मिनिटे दाबून धरले. आपल्या फडात हा निकाल केव्हाच लागला असता. इथे मात्र पाठीवर पडलेल्या ग्रेसीने संधी साधून दोन्ही पायांच्या त्रिकोणात सेव्हर्नची मान व एक हात अडकवला आणि आवळला. वर असलेल्या पैलवानाला हार कबूल करावी लागली. ग्रेसी घराण्याची जुजुत्सू मुळात जपानी ज्युदोतूनच ब्राझीलला पोचलेली, आणि पाठ टेकल्यावर लढायचे कसे, यावरच तिने सगळी मेहनत घेतलेली.

आपल्या उपखंडाने हा धडा त्याआधीच, फार कडू रीतीने घेतला होता. डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत जपानच्या अँतोनियो इनोकीशी अक्रम पैलवान लढला. अक्रम हा इमामबक्षचा मुलगा, म्हणजे थोरल्या गामाचा पुतण्या. घराणे मोठे, अभिमान त्याहून मोठा. इनोकीने त्याचा हात पिरगळून खांद्याचा सांधा कुलपात धरला. अक्रमने हार मानली नाही आणि हात निकामी झाल्यावर लढत थांबवावी लागली. सांध्याच्या कुलपात सापडल्यावर वेळीच हात आपटून शरण जाणे हा त्या विद्येचा पहिला पाठ असतो. आपल्या आखाड्यात तसे करणे म्हणजे नामुष्की. हिंमत कमी नव्हती, हिंमत नको तिथे वापरली गेली. गंमत अशी की, इनोकीला तयार करणारा कार्ल गॉच हा आपल्याच जोर-बैठकांचा मोठा भक्त होता. परदेशी व्यायामशाळांत त्यांना आजही ‘हिंदू पुशअप’ आणि ‘हिंदू स्क्वॉट’ म्हणतात.

अगदी अलीकडची गोष्ट रितू फोगटची. ‘दंगल’ चित्रपटामुळे घराघरांत पोचलेल्या फोगट भगिनींपैकी ही एक. २०१७ साली २३ वर्षांखालील जागतिक कुस्ती स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले. २०१९ मध्ये ती मिश्र झुंजीकडे वळली, सिंगापूरला राहून शिकली आणि पहिलीच लढत पहिल्या फेरीत जिंकली. डाव साधाच होता : पट काढायचा, खाली घ्यायचे, वर बसून ठोसे द्यायचे. ३ डिसेंबर २०२१ रोजी मोठ्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत तिच्यासमोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स होती. ही मुलगी लाथा-बुक्क्यांची, मुए थाईची विजेती. जमिनीवर पैलवान मुलगीच भारी ठरणार, असेच कुणालाही वाटावे. घडले उलटे. दुसऱ्या फेरीत खाली असलेल्या स्टॅम्पने रितूचा हात पायांत धरून कोपर उलटे ताणले आणि लढत संपली. सेव्हर्ननंतर सत्तावीस वर्षांनी तोच प्रश्न, तेच उत्तर.

सवय मोडावी लागते

पैलवानाच्या आणखी दोन-तीन सवयी त्याला नडतात. चीत होऊ नये म्हणून तो पालथा पडतो आणि पाठ उघडी टाकतो. कुस्तीत हा बचाव आहे. जुजुत्सूत मात्र मागून गळा आवळायचे ते आमंत्रण ठरते. पट काढताना तो डोके खाली घालून शिरतो, तेव्हा मान अलगद समोरच्याच्या काखेत जाते, किंवा गुडघा तोंडावर येतो. आणि हाताच्या अंतरावर उभे राहण्याची त्याला इतकी सवय असते की, लाथेचे अंतर म्हणजे काय, हे पहिल्या दोन लाथा खाल्ल्यावरच कळते.

हे सारे सुधारता येते, फक्त वेळ द्यावा लागतो. दागेस्तानचा खबीब नुरमागोमेदोव लहानपणी कुस्ती शिकला, मग ज्युदो, त्यानंतर साम्बो. २०२० साली निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर २९ विजय होते आणि हार एकही नव्हती. कुस्ती त्याने सोडली नाही, तिच्यावर पुढचे मजले चढवले. सोव्हिएत संघाने हेच साऱ्या देशासाठी केले होते. ज्युदो आणि निरनिराळ्या प्रांतांतल्या लोककुस्त्या एकत्र करून त्यांनी साम्बो घडवली. १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकला ज्युदो प्रथमच आला, तेव्हा साम्बोत तयार झालेल्या त्यांच्या गड्यांनी जपानच्या घरात जाऊन चार ब्राँझपदके आणली.

आपल्याकडे असे उदाहरण हवे असेल तर बेळगावजवळच्या तुरमुरीची मलप्रभा जाधव आहे. ती ज्युदोची खेळाडू. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश हा उझबेकी कुस्तीप्रकार प्रथमच आला आणि तिने त्यात ५२ किलो गटात ब्राँझ जिंकले. पकड, तोल आणि फेक या गोष्टी नाव बदलले तरी बदलत नाहीत.

तेव्हा आजोबांचा सल्ला मोडीत काढू नये, मात्र त्याला जोड द्यावी. जवळ तालीम असेल तर मुलाला किंवा मुलीला एक-दोन वर्षे तिथे जरूर घालावे. पुढे ज्युदोत जायचे असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी : आंतरराष्ट्रीय ज्युदोने २०१० पासून पायाला हात घालण्यावर बंधने आणली आणि २०१३ मध्ये ती पूर्ण बंदीपर्यंत नेली. पैलवान पोराचे हुकमी हत्यार, म्हणजे पट, तिथे दंड ओढवून घेते. पाय धरून मारलेले कलाजंगही आता चालत नाही. मिश्र झुंजीचे वेड असेल तर आधी जुजुत्सू किंवा ज्युदोतली जमिनीवरची लढत शिकू द्यावी, आणि हात आपटून शरण जाण्यात कमीपणा नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच सांगावे. अक्रमला ते कुणी सांगितले नसावे.

राहता राहिले आईच्या काळजीचे. माती असो की गादी, सरावानंतर लगेच साबणाने अंघोळ आणि रोज धुतलेले कपडे हवेतच, कारण गजकर्ण अशा ठिकाणी फार लवकर पसरते. कान दुखून फुगला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आत साठलेले रक्त वेळेवर काढले नाही तर कान कायमचा चेपतो. जुने पैलवान तो दागिन्यासारखा मिरवतात, पण शाळकरी मुलाला त्याची घाई नसावी.