एक पट्टी सावधान, एक विश्राम: हाडं, चिपा आणि खडताल

जयपूरहून बोलतोय. निवृत्तीनंतर हातांना काय उद्योग द्यावा, यावर आपलं गेले काही भाग बोलणं चाललंय. आज एक वाद्य घेऊ. त्याला तार नाही, कातडं नाही, खुंटी नाही, भाता नाही. सूर लावावा लागत नाही, खिशात मावतं. एका मुठीत दोन पट्ट्या धरायच्या आणि एकमेकींवर वाजवायच्या. इंग्रजीत याला सरळ 'बोन्स', म्हणजे हाडं म्हणतात. राजस्थानात याचा जवळचा भाऊबंद आहे, खडताल.

नाव ऐकून दचकू नका. मराठी माणसाने हे वाद्य पाहिलेलं आहे, फक्त वाद्य म्हणून मोजलेलं नाही. मुंबईच्या लोकलमध्ये किंवा एखाद्या पॅसेंजर गाडीत फरशीचे दोन चपटे तुकडे बोटांत अडकवून गाणारी पोरं आठवा. डबाभर गोंगाट असला तरी त्या दगडी चिपांचा कडकडाट शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. हातात हाड नाही, दगड आहे, पण तंत्र तेच. आपण पाच-दहा रुपये देतो नाहीतर मान वळवतो. ती बोटं काय करतायत, हे सहसा कुणी बघत नाही.

चिपळ्या मात्र थोड्या वेगळ्या. वासुदेवाच्या किंवा कीर्तनकाराच्या चिपळीला अंगठ्यासाठी आणि बोटांसाठी कड्या असतात, शिवाय बारीक झांजा असतात. कडी हाताला आधार देते, झांज नादाची भर घालते. हाडांना आणि मांगणियारांच्या खडतालाला यातलं काहीच नाही. हिंदीत झांजावाल्या चिपळीलाही करताल किंवा खडतालच म्हणतात, म्हणून दुकानात गेल्यावर घोळ होतो. मीराबाईच्या चित्रात हातात दिसते ती झांजवाली. मी बोलतोय ती नुसती लाकडाची, सुटी.

हाडांचा इतिहास थोडक्यात सांगतो. प्राचीन इजिप्तमध्ये हस्तिदंताच्या, हाताच्या पंजाच्या आकाराच्या टाळपट्ट्या होत्या. त्या आजही संग्रहालयांत आहेत. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये हाडांच्या संगीताचा उल्लेख येतो. आयर्लंडमध्ये गाईच्या किंवा मेंढीच्या बरगड्या उकळून, वाळवून, घासून वाजवत आले, आणि आजही त्यांच्या स्पर्धा होतात. अमेरिकेत १८४३ नंतर 'मिन्स्ट्रेल' खेळांत हाडं प्रसिद्ध झाली. गोरे लोक तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची टिंगल करत, आणि रांगेच्या टोकाला बसून हाडं वाजवणाऱ्याला 'मिस्टर बोन्स' म्हणत. वाद्य चांगलं, वापर लाजिरवाणा. पुढे मिशिगनच्या पर्सी डॅनफोर्थ (१९००–१९९२) या गृहस्थांनी सत्तरी गाठल्यावर हे वाद्य लोकांना नव्याने ऐकवलं आणि शिकवलं. आपल्या वयाच्या मंडळींनी हे नाव लक्षात ठेवावं.

आता आपल्याकडे येऊ. जैसलमेर-बाडमेरच्या वाळवंटात मांगणियार हा पिढीजात गायक-वादकांचा मुसलमान समाज आहे. त्यांचे यजमान बहुतेक हिंदू, मुख्यतः राजपूत. यजमानाच्या घरी जन्म, लग्न, सण असला की मांगणियार गातात, त्या घराण्याची वंशावळ तोंडपाठ म्हणतात, कृष्णाची गाणी गातात आणि सुफी कलामही. साथीला कमायचा, ढोलक, मोरचंग आणि खडताल. कोमल कोठारी (१९२९–२००४) आणि विजयदान देथा यांनी १९६० मध्ये बोरुंदा गावी रूपायन संस्थान काढलं. तिथून या लोकांची गाणी ध्वनिमुद्रित होऊ लागली आणि कलाकार गावाबाहेरच्या मंचावर दिसू लागले. बाडमेर जिल्ह्यातल्या झांपलीचे सद्दीक खाँ तर 'खडताल के जादूगर' म्हणूनच ओळखले गेले. रॉयस्टन एबेल यांचा 'द मांगणियार सिडक्शन' हा २००६ पासूनचा प्रयोग ज्यांनी पाहिलाय, त्यांना लाल पडद्यांच्या खणांत बसलेले वादक आठवतील. त्यांच्यासमोर उभं राहून सगळ्यांना इशारे देणाऱ्या देवू खान यांच्या हातात खडतालच असतो. जयपुरात हे सगळं ऐकायचं तर जवाहर कला केंद्रातला 'लोकरंग' चुकवू नका.

आता हात. खडतालाला लगेच हात घालू नका, आधी हाडांची पकड शिका, म्हणजे सामान घरीच होतं. सुताराकडून शिसमच्या किंवा सागवानाच्या दोन पट्ट्या कापून घ्या: वीतभर लांब, दोन बोटं रुंद, करंगळीच्या निम्म्याएवढी जाडी. कडा कानशीने गोल करा आणि एकेक बाजू मध्यभागी किंचित फुगीर ठेवा. फुगीर बाजू समोरासमोर आल्या की आघात एका बिंदूवर होतो आणि आवाज स्वच्छ येतो. दोन्ही सपाट राहिल्या तर पाट आपटल्यासारखं 'थप्प' ऐकू येतं.

पहिली पट्टी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत घाला. तिचं वरचं टोक अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर टेकवा आणि तर्जनीने दाबून ठेवा. ही पट्टी हलता कामा नये, ही सावधानमध्ये. दुसरी मधलं बोट आणि अनामिकेच्या फटीत. तिला फक्त आधार द्यायचा, दाबायचं नाही, ही विश्राममध्ये. खालच्या टोकांना दोघींमध्ये एक बोट जाईल एवढं अंतर ठेवा. आता कोपर सैल सोडा आणि जुन्या थर्मामीटरचा पारा उतरवायला झटकतो तसा हात मनगटापासून फिरवा. बोटांनी पट्टी आपटायची नाही. हात फिरून थांबतो, सैल पट्टी मात्र आपल्या वेगाने पुढे जाते आणि पहिलीवर आदळते: टक्. हात उलट फिरवला की पुन्हा टक्. काही दिवसांनी दोन झटक्यांच्या मध्ये एक तिसरा टक् आपोआप पडायला लागतो. ती पट्टीची उसळी. तो आला की हात जमला समजा, कारण याच तिहेरी आघातावर हाडांचं बहुतेक वादन उभं आहे.

सैल का धरायची, याला शास्त्र आहे. सुटी पट्टी वाजली की तिची दोन्ही टोकं आणि मधला भाग थरथरतो, आणि टोकांपासून साधारण पाव लांबीवरच्या दोन जागा जवळजवळ स्थिर राहतात. नेमकं म्हणायचं तर लांबीच्या २२ टक्क्यांवर. तिथे हलकं धरलं तर कंपन चालू राहतं. मध्यावर आवळलं तर नाद जागच्या जागी मरतो. जाड पट्टीचा आवाज चढा, लांब पट्टीचा खालचा. दोन पट्ट्या सुराने थोड्या वेगळ्या असल्या तर बरंच, कानाला भरीव लागतं.

महिनाभर हे झालं की खडताल घ्या. परकोट्यातल्या बाजारात पर्यटकांसाठी रंगवलेले, लाखेने चकचकीत केलेले जोड मिळतात. ते भिंतीवर लावायला ठीक. वाजवायचा जोड न रंगवलेला, जड लाकडाचा आणि वाजवून बघून घ्यायचा. खडतालात प्रत्येक हातात दोन, म्हणजे एकूण चार पट्ट्या, आणि त्या हाडांपेक्षा रुंद. इथे बोटांच्या फटी कामाला येत नाहीत. एक पट्टी अंगठ्याच्या बेचक्यात बसते, दुसरी चार बोटांच्या पेरांवर. बोटं मिटली की आघात. मिटून तसंच दाबून धरलं तर कोरडा टक्, लगेच उघडलं तर खुला नाद. वेगाच्या जागी बोटं नव्हे तर अख्खं मनगट थरथरतं. आणि डावा हात! आम्हा उजव्या लोकांचा डावा हात म्हणजे नवा रिक्रूट, हुकूम ऐकतो पण एक क्षण उशिरा. त्याला वेगळी परेड द्या: रोज पाच मिनिटं फक्त डावा. बोटं सकाळी आखडत असतील तर आधी कोमट पाण्यात हात बुडवा, आणि मनगट दुखलं की त्या दिवशी बंद. दुखण्यावर मात करायचं हे मैदान नाही.

माझा शिक्षक बाविशीतला, बाडमेरकडचा मांगणियार मुलगा. तो मला साहब म्हणतो, मी त्याला उस्ताद. पहिल्या दिवसापासून त्याचं एकच पालुपद: "कसकर नहीं, साहब." थंडीच्या मोसमात तो जयपुरात संध्याकाळी पाहुण्यांसमोर वाजवतो. त्याने सांगितलेली एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवतो. पाहुण्यांना हवी असते पाच मिनिटांची तडतड: हात डोक्यावर नेऊन, गुडघ्यावर बसून, जितकं वेगात तितक्या टाळ्या. गाणं लांबलं की लोक जेवणाकडे वळतात. त्याचे वडील गाण्यामागे वाजवतात, कडव्यात जवळजवळ गप्प असतात आणि ओळ संपता संपता चार आघात असे टाकतात की गायकाला पुढची ओळ हातात दिल्यासारखी होते. मुलाला तडतड येते, ते चार आघात अजून पुरते येत नाहीत, हे तो स्वतःच सांगतो. कारण ते शिकायला गाणी पाठ हवीत, आणि गाणी पाठ व्हायला यजमानाच्या घरच्या रात्री हव्यात. लग्नं आता दोन दिवसांत उरकतात. रात्री कमी झाल्या.

म्हणून मला विचाराल तर हे वाद्य एकटं शिकू नका, गाण्याबरोबर शिका. व्हिडिओवरून पकड नक्की कळते. मी स्वतः व्हिडिओवरच बोलतोय, तेव्हा नाही कसं म्हणू? पण कुठे थांबायचं हे समोर गाणारा माणूस असल्याशिवाय कळत नाही. आणि शिक्षक मिळाला तर मोबदल्यात घासाघीस नको. तबल्याच्या क्लासची फी आपण महिन्याच्या महिन्याला भरतो, पण लोककलावंताला 'जरा दाखव की' म्हणून फुकटात राबवून घेतो. पट्टी दोनशे रुपयांची असेल, पण पकड त्याच्या पणजोबापासून आलेली आहे. उन्हाळ्यात त्याची कामं बंद असतात, तेव्हाच शिकवणी ठेवा. त्याला चार पैसे मिळतात आणि तुम्हाला पूर्ण तास मिळतो.

सरावाला केरवा घ्या, आठ मात्रा. तोंडाने धा गे ना ती न क धी न म्हणत राहा, आणि पहिल्या आठवड्यात हाताने फक्त पहिली आणि पाचवी मात्रा वाजवा, बाकी मात्रा हाताने मोकळ्या सोडायच्या. दुसऱ्या आठवड्यात तिसरी आणि सातवी जोडा. तिसऱ्यात डाव्या हाताला फक्त पाचवी द्या. मग घरात कुणाला तरी तुमच्या गावचा, पाठ असलेला एखादा अभंग संथ लयीत म्हणायला सांगा आणि त्यामागे एवढंच वाजवा. गाणारा अडखळला तर तुम्ही जास्त वाजवताय. निम्मं करा आणि पुन्हा सुरू करा.